कुमुदची चार वाजताची गोळी

कुमुद तिची गोळी स्वतःच्या घरी कधी घेत नसे. दुपारचे चार वाजले की समोरच्या दारातून निघून ती माझ्या दारात यायची. एका हातात पाण्याचं भांडं, दुसऱ्या मुठीत गोळी. उंबऱ्याशी उभी राहून, माझ्याकडे बघत ती गिळायची आणि म्हणायची, "चला, हृदयाला वॉचमन बसवला!" डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीला तेव्हा वॉचमन नव्हता, कुमुदच्या हृदयाला मात्र होता. तिचं हे मिरवणं मला रोज झोंबायचं.

नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. दोघींचीही पाळी गेलेली. दोघींनाही अंगातून वाफा निघाल्यासारख्या वाटून दरदरून घाम यायचा. आम्ही मिळूनच ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. रक्त तपासलं, तर माझं कोलेस्टेरॉल बेताचं आणि कुमुदचं वाढलेलं. बाईंनी समजावून सांगितलं, पाळी गेली की शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं, रक्तातली वाईट चरबी वाढते, मग हृदयविकार बायकांनाही सोडत नाही. इस्ट्रोजेनच्या गोळीने घाम थांबेल, चांगलं कोलेस्टेरॉल वाढेल आणि हृदयाचीही राखण होईल. तेव्हा पुष्कळ डॉक्टर असंच म्हणत. मी आशेने पुढे सरकले. बाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही देता येणार. तुमच्या स्तनातली गाठ काढलेली आहे, या गोळीने ती उलटू शकते." कुमुदला गोळ्या मिळाल्या आणि मला सुती साड्या नेसायचा सल्ला.

दोन महिन्यांत तिचा घाम थांबला. ती रात्रभर झोपायची, सकाळी टवटवीत दिसायची, दोन-दोन पिशव्या भाजी घेऊन जिना चढताना गाणं गुणगुणायची. मी पदराने मानेवरचा घाम टिपत बघत राहायची. एका हळदीकुंकवात कुणीतरी मला विचारलं, "या तुमच्या धाकट्या बहीण का हो?" कुमुद माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी! ती खदखदून हसली आणि म्हणाली, "अहो, हिची काकू शोभेन मी." घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "कुमुदवहिनींकडे बघ जरा, कशा राहतात!" त्या दिवशी मी यांच्या आमटीत मीठ घातलं नाही.

एकदा न राहवून मी तिच्याकडे हात पसरला. "एक दे ना गं मला. कुणाला कळणार आहे?"

कुमुदने मूठ गच्च मिटली. "वेडी आहेस का? शालन, तू माग काय मागायचं ते. ही नाही."

कोथिंबिरीपासून पैठणीपर्यंत आमची देवघेव चालायची, आणि एका गोळीसाठी हिने मूठ मिटावी! गाठीची आठवण मला झाली नाही. हिला आपण एकटीच तरुण दिसायला हवं, एवढंच मला दिसलं. दुसऱ्या दिवशी ती विरजण मागायला आली, तेव्हा घरात सट भरून दही असताना मी म्हटलं, "संपलं." ती "बरं" म्हणून गेली आणि चार वाजता गोळी घेऊन परत आली. मी दारात उभी राहायची, पण 'ये' म्हणायचं सोडून दिलं.

असं वर्षभर चाललं. मग एका दुपारी ती आली ती घामाने निथळत. खोटं कशाला सांगू, तिला घाम फुटलेला बघून मला बरं वाटलं.

"शालन, जबडा दुखतोय गं सकाळपासून. पाठीतही कसंतरीच होतंय. जरा बसू का इथे?"

"दात असेल," मी म्हटलं. आतून लवंग आणून तिच्या हातावर ठेवली. "ही धर दाढेत. आणि घाबरतेस कशाला? तुझा वॉचमन आहे ना?"

ती हसली. लवंग तोंडात टाकली, माझ्यासमोर गोळी घेतली आणि घरी गेली. मी दार लावलं. सहाच्या सुमारास तिचे यजमान आले, तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. बायकांना कधीकधी छातीत न दुखता असंच जबड्यात, पाठीत दुखतं. जमलेली माणसं कुजबुजत होती, "बाईमाणसाला कुठे अटॅक येतो?" गोळीने तिला काय दिलं आणि काय नेलं, ते कुणीच सांगू शकलं नाही.

तेराव्यानंतर तिची मुलगी आमच्या घरची एक वाटी परत द्यायला आली. जाताना म्हणाली, "काकू, आई त्या गोळीला फार घाबरायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एखादीच्या रक्तात गुठळी होते. घरात एकटी असताना घ्यायला ती धजायची नाही. म्हणायची, शालनसमोर घेतली की धास्ती नाही. काही झालंच तर ती बघेल."

वाटी हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. त्या पोरीलाही मला 'ये' म्हणायचं सुचलं नाही.

आज कुणी बाई जबडा दुखतोय म्हणाली, तर मी लवंग शोधत नाही. पायात चपला अडकवते, कुणाला तरी रिक्षा आणायला पिटाळते. पण त्याआधी तिचा हात धरून तिला आत घेते आणि म्हणते, "बस."