इत्तोची भिंत

हद्दूला अमघार करताना गावाने त्याला विचारलंही नव्हतं. तिझगीत गावच्या मुख्याला अमघार म्हणतात, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याच गळ्यात दर वर्षी ते लोढणं पडतं. नाही म्हणणं हद्दूला कधी जमलं नाही, आणि मागणं त्याहून नाही. काही मागायची वेळ आली की हा आपला स्वतःच्या जोड्यांकडे बघत उभा. अशा माणसाने अख्ख्या गावाकडे जमीन मागावी, आणि तीही ओढ्याकाठची!

ती त्याला पुराने मागायला लावली. वर्षानुवर्षं प्रत्येक जण आपल्या शेताची भिंत हळूच ओढ्याच्या पात्रात पुढे सरकवत आला होता. कुणाला सलगमाची एक ओळ जास्त हवी, कुणाला एक अक्रोडाचं झाड. आपण तेवढे शहाणे, असं प्रत्येकाला वाटे. ओढ्याचं पार गटार झालं, आणि एका उन्हाळ्यात डोंगरावर ढग फुटला तेव्हा दोन भिंतींमध्ये कोंडलेलं पाणी थेट खालच्या वाडीवर जाऊन आदळलं. बासोची पिठाची चक्की गेली. तिच्याबरोबर बासोचा भाऊही गेला.

मग हद्दू बैठकीत उठला आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलला. भिंती मागे घ्यायच्या. दोन्ही काठांना पट्टा मोकळा सोडायचा, त्यात वाळुंजाची झाडं लावायची, मुळं धरेपर्यंत एक शेळी आत जाऊ द्यायची नाही. पट्ट्याच्या कडेने चुन्याने रंगवलेले दगड ठेवायचे, आणि ते ओलांडेल त्याने सगळ्या गावाला जेवू घालायचं. "डोंगरावरची कुरणं आपण अशीच राखतो ना? मग काठाने काय घोडं मारलंय?"

सगळा हिवाळा तो घरोघरी चहा पीत फिरला. नाकी नऊ आले, पण एकेक घर वळलं. मात्र प्रत्येक घरातून निघताना एकच वाक्य त्याच्या कानी पडायचं. "आम्ही तयार आहोत रे, पण आधी तुझ्या बहिणीची भिंत."

इत्तोची भिंत ऐन वळणावर होती, आणि पाण्याला खालच्या वाडीकडे ढकलणारी तीच. नवरा मेल्यावर पाठीवर दगड वाहून तिने ती एकटीने रचली होती. तिच्या आडच्या अक्रोडांवर तिने धाकट्या हद्दूला वाढवलं, त्याचं लग्न लावलं. आता तीच भिंत पाड म्हणायचं? हद्दू सगळीकडे गेला, फक्त लल्ला इत्तोच्या घरी गेला नाही; मानाच्या बाईला तिथे लल्ला म्हणतात. ओढ्यावर ती दिसली की हा दुसऱ्या वाटेने जायचा. आज जाऊ, उद्या जाऊ करत दगड ठेवायचा आठवडा येऊन ठेपला.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी बासो धापा टाकत आला.

"अमघार, खबर आहे का काही? तुझ्या बहिणीच्या दारात मेंढा बांधलाय."

"मग? तिचा मेंढा, तिचं दार."

"अरे, ईद कधीच झाली. घरात लग्न नाही की बारसं नाही. सुरी परजून आणलीय लोहाराकडून. आणि तुझ्या यामनाला विचारत होती, उद्या सकाळी हद्दू घरी असतो ना म्हणून. आता काय ते तूच समज!"

तिझगीत कुणाच्या उंबऱ्यावर जनावर कापून रक्त सांडलं, की त्या घरधन्याला समोरच्याचं मागणं मोडता येत नाही. मोडलं तर घराला तळतळाट लागतो. हा अगदी शेवटचा उपाय. परक्यापुढे करायचा, नाहीतर ज्याच्यापुढे शब्द चालत नाही त्याच्यापुढे.

"ती भिंत वाचवायला येतेय," बासो म्हणाला. "एकदा का तिची राहिली, की परवा तुझ्या दारात मेंढ्यांची रांग लागेल. माझा भाऊ काय गंमत म्हणून वाहून गेला का रे?"

बासो गेल्यावर यामनाने नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही विचारलंत का हो तिला? एकदा तरी?"

"विचारून काय होणार? नाहीच म्हणेल."

"तिच्या तोंडून ऐकलंत?"

हद्दू जोड्यांकडे बघत राहिला. त्या भल्या माणसाला इतकी साधी गोष्ट का कळू नये, याचा मला आजही राग येतो. सकाळी फटफटायला लागल्यावर त्याने गोठ्यातला बोकड सोडला. यामना आडवी आली. "सख्ख्या बहिणीच्या दारात रक्त? डोकं फिरलंय का तुमचं?" त्याने तिला बाजूला केलं. तिच्याआधी आपण पोचायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. चढावर बोकड अडून बसला तेव्हा त्याने तो चक्क खांद्यावर घेतला.

इत्तोचं दार बंद होतं. मेंढा खरंच बाहेर बांधलेला होता, चांगला माजलेला. आतून भांड्यांचा आवाज आला. आता उघडेल आणि सुरी घेऊन निघेल! त्याने बोकड उंबऱ्यावर आडवा पाडला आणि गळ्यावर सुरी फिरवली. रक्त दाराच्या फळीखालून आत गेलं.

"लल्ला," तो ओरडला, "तुझ्या दारात आलोय! भिंत पाड!"

दार उघडलं. इत्तोचे हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले. तिच्या मागे शेजारच्या बायका जवाच्या भाकरी थापत बसल्या होत्या आणि चुलीवर लग्नातलं मोठं पातेलं चढलं होतं. तेवढ्यात पलीकडच्या वाडीचे गडी पहारी आणि टोपल्या घेऊन पायवाटेने वर आले. म्हातारा ओ-झाईद पुढे होता. "लल्ला इत्तो, आलो बघ आम्ही. कुठून सुरू करायची भिंत? वरून की..." त्याची नजर उंबऱ्यावर गेली आणि तो थांबला.

गावात कुणाचं मोठं काम निघालं की सगळे हात लावतात आणि ज्याचं काम तो जेवण घालतो. मेंढा त्या जेवणाचा होता.

"मी तुझ्या दारात रक्त घेऊन येईन, असं वाटलं तुला?" इत्तोने हळूच विचारलं. "हिवाळाभर वाट पाहिली रे तुझी. गावभर चहा प्यालास. म्हटलं, लाजतंय पोरगं, आपणच उरकून टाकू. आत्ता निरोप धाडणार होते, ये, पहिला दगड तू काढ म्हणून."

"लल्ला, मी... हे मी मागे घेतो."

"सांडलेलं रक्त मागे घेता येतं होय?"

ओ-झाईद चुकचुकला. "आता काय, पाडावीच लागणार तिला."

ते ऐकून इत्तोचा चेहरा उतरला. घटकाभरापूर्वी ती भिंत देणार होती. आता ती तिच्याकडून घेतली गेली होती, आणि आलेला प्रत्येक माणूस गावात तसंच सांगणार होता. तिने हात पुसले, रक्त ओलांडून बाहेर आली आणि पहार घेऊन भिंतीकडे चालू लागली. हद्दूही मागोमाग गेला आणि वाकून एका दगडाला भिडला.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझं काम झालंय."

भिंत पडली. ते पाहून बासोच्या शेजाऱ्याने आपली पाडली, मग त्याच्या पलीकडच्याने. दुपार कलेपर्यंत दोन्ही काठांना पांढरे दगड मांडून झाले आणि ओढा वळणावर ऐसपैस पसरून वाहू लागला. लोक हद्दूच्या पाठीवर थापा मारत होते. असा अमघार झाला नाही, म्हणत होते.

जेवायला सगळे अंगणात बसले. एरवी हद्दू थेट बहिणीच्या स्वयंपाकघरात जायचा आणि पातेल्यातूनच खायचा, लहानपणापासून तशीच सवय. आज इत्तोने त्याच्यासाठी अंगणात चांगली सतरंजी अंथरली, हातावर पाणी घातलं आणि मेंढ्याची कलेजी, जी परक्या पाहुण्याला देतात, ती त्याच्या ताटात सगळ्यांच्या आधी वाढली. "घ्या अमघार, संकोच करू नका," म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली. हद्दूने एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि पाहुण्यासारखा सतरंजीवर बसूनच पहिला घास घेतला.