हौद्यातले लाल दोरे

सुताराचं फर्निचर घरोघर पोचवणाऱ्या त्या पिकअपवाल्याच्या डोक्यात एकदा काही शिरलं, की ते निघेपर्यंत घरात कुणाला चैन नसे. रिकाम्या गाडीने परतताना हौदा मागून बंद करणाऱ्या फाळक्यावर वारा आपटतो आणि गाडीला मागे ओढतो, असं त्याच्या मनाने घेतलं. झालं. फाळका काढून त्याने भिंतीला टेकवला.

"आता वारा सरळ निघून जाईल. डिझेल वाचेल बघ," तो बायकोला म्हणाला.

त्याच आठवड्यात, घराखालच्या ओल्या चढावर हलकी झालेली गाडी घसरली. मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी तिरकी होऊन गटाराच्या काठाशी थांबली. शेजारी बसलेली बायको खाली उतरली, पिशवी उचलली आणि चालत घरी गेली. तेव्हापासून ती गाडीत बसेना. बहिणीकडे जायचं तरी बसने जाई. लग्नापासून ती जागा तिची; आता तिथे त्याचा डबा बसू लागला. डिझेल वाचलं की नाही ते त्याला कळेना, पण डबा काही बोलत नाही, एवढं कळलं.

शेवटी त्याने तिच्या लाल लोकरीचे तुकडे हौद्यात जागोजागी चिकटवले, म्हणजे वारा कसा फिरतो ते दिसावं. पण गाडी चालवताना मागे बघणार कोण?

"सपाट रस्त्यापुरती येईन," ती म्हणाली. "चढ आला की उतरणार. आणि लोकर घेताना विचारायचं असतं."

पहिली फेरी फाळक्याशिवाय झाली. ती मागच्या काचेला नाक लावून बसली. "पिसाळल्यासारखे नाचतायत."

मग फाळका लावला.

"अहो, हे उलटंच. तळाचे दोरे आपल्याकडे तोंड करून पडलेत."

"आपल्याकडे? म्हणजे वारा पुढे येतोय?"

"मला काय विचारता, वाऱ्याला विचारा. आतला वारा तिथेच गोल फिरतोय बहुतेक. वरचा त्याच्यावरून निघून जातोय, गादीवरून घसरावं तसा."

"म्हणजे फाळका नडत नव्हताच. मीच मूर्ख."

"ते दोऱ्यांशिवायही दिसत होतं."

फाळका कायमचा परत बसला. मागच्या चाकांच्या बरोबर वर त्याने वाळूच्या गोण्याही बांधल्या. वाचलेलं थोडं डिझेल त्यांच्या वजनाने खाल्लं. त्याने खाऊ दिलं.

पुन्हा रस्ता ओला झाला, तेव्हा चढाच्या पायथ्याशी त्याने ठरल्याप्रमाणे गाडी थांबवली. ती काचेकडे वळून बसलेली.

"थांबलात कशाला? कोपऱ्यातला दोरा आत्ताच वळत होता. चला, चढावर काय करतो ते बघू दे."

त्याने डबा मांडीवरून खाली ठेवला आणि पहिला गिअर टाकला. चाकांनी रस्ता धरला. ती मागेच बघत होती.