छाटणीची कात्री

शाळेची फरशी जंतुनाशकानं पुसली, की त्या उग्र वासासरशी मी निमगाव केतकीतल्या माझ्या पहिल्या नववीच्या वर्गात जाऊन उभी राहते.

बाळंतिणींच्या तापाची जुनी साथ शिकवत होते. जंतू ठाऊकच नसलेले तेव्हाचे डॉक्टर प्रेतं तपासून, हात न धुताच बाळंतिणींना तपासायचे आणि ताप पसरवायचे. “इतके कसे मूर्ख?” मी विचारलं. वर्ग खळखळून हसला. वर्ग हसवता येतो याचा मला तेव्हा भारी अभिमान होता.

डाळिंबवाल्यांची सुरेखा तेवढी हसली नाही. ती उभी राहिली. बोटांवर काट्यांचे ओरखडे होते.

“बाई, एक झाड छाटलं की कात्री औषधात बुडवायची असती. न्हाय तर तेल्या रोग बागभर पसरतो. आबांनी धा डाव सांगितलं व्हतं. मी घाईत बुडवली न्हाय. सगळी बाग उपटावी लागली.”

“अगं, चूक होते माणसाकडून.”

“व्हय. पर त्या डॉक्टरांना कुणी सांगितलं न्हवतं,” ती म्हणाली. “मला सांगितलं व्हतं.”

तिला बसायला सांगून मी धडा पुढं नेला. आता तो धडा मी कात्रीपासूनच सुरू करते, आणि त्या डॉक्टरांना माझ्या वर्गात कुणी हसत नाही.