रविवारी दूध बंद

आमच्या घरी रविवारी मटण असलं की दूधवाल्याला फाटकातूनच परत पाठवायचे. शनिवारचं उरलेलं दूध आई शेजारी देऊन टाकायची. त्या दिवशी चहा काळा, आणि कोणी कुरकुर केली तर आईचे मोठे झालेले डोळे पुरायचे. मटण-मासोळीवर दूध प्यालं की अंगावर कोड उठतं, हे नागपुरातल्या आमच्या ओळखीच्या सगळ्याच घरांत मानायचे. पण इतरांकडे नुसतं "नको पिऊ" म्हणून भागायचं. आमच्याकडे त्या दिवशी दूध उंबऱ्याच्या आत येत नसे, कारण आमच्याकडे मावशी होती.

मावशी ही आईची धाकटी बहीण. तिच्या ओठांभोवती आणि दोन्ही हातांवर पांढरे डाग होते. सावनेरकडच्या गावात दोघी लहान असताना एकदा आजी शेतावर गेली होती. आईनं धाकट्या बहिणीला मासोळीचा रस्सा आणि भाकर वाढली आणि वर वाटीभर दूध दिलं. पुढच्या वर्षी मावशीच्या बोटावर पहिला डाग दिसला. त्या घरात मग दुसरं कारण कोणी शोधलंच नाही. मावशीचं लग्न जमलं नाही. आईचं झालं, आणि थोड्याच दिवसांत तिनं मावशीला नागपूरला आणलं ते कायमचंच. पहिली गरम पोळी मावशीच्या ताटात, दिवाळीत पहिलं लुगडं मावशीला. वडिलांनी कधी हरकत घेतली नाही. पाहुणे मात्र मावशीच्या हातचं पाणी घेताना चुळबुळ करायचे, म्हणून कोणी आलं की ती आपणहून मागच्या अंगणात जाऊन बसायची. मला त्या पाहुण्यांचा असा राग यायचा की मी त्यांच्या चहात साखर कमी घालायचे. माझी मजल तेवढीच.

सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि मी कॉलेजात होते, तेव्हा माझा मोठा भाऊ फ्रान्सहून परत आला. कंपनीनं त्याला शिकायला पाठवलं होतं. येताना त्यानं एक जाडजूड कोट आणला, जो नागपुरात डिसेंबरातसुद्धा घालवेना, आणि खाण्याच्या गोष्टी आणल्या, ज्या काही केल्या संपेनात. पोह्यांची बशी हातात घेऊन तो तिकडच्या ब्रेडचं वर्णन करायचा. शेवटी एका रविवारी त्यानं जाहीर केलं, की आजचा स्वयंपाक माझा. ब्रेडच्या दोन कापांत हॅम आणि चीज, वरून पांढरा सॉस, त्यावर पुन्हा चीज, आणि सगळं गरमागरम भाजून.

हॅम म्हणजे डुकराचं मांस हे कळल्यावर वडील पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "काय करायचं ते अंगणात कर. घरातलं भांडं घ्यायचं नाही."

यात नवीन काही नव्हतं. मटणसुद्धा आमच्याकडे अंगणातच शिजायचं, वेगळ्या भांड्यांत, आणि शिजवायचे पुरुष. दादा खुशीनं मागे गेला. सदर बाजारातल्या एका दुकानातून त्यानं बटर पेपरात गुंडाळलेलं हॅम आणलं होतं, डब्यातलं चीज होतं, बेकरीचा ब्रेड होता. नव्हता तो ओव्हन. तो डोकं खाजवत बसला तेव्हा मावशीनंच तोड काढली. "नानकटाई करतो तसं कर ना गा. खाली निखारे, झाकणावर निखारे." मग तीच पाट घेऊन शेगडीजवळ बसली आणि सॉससाठी जायफळ किसायला लागली. आई मागच्या दारात उभी. डुकराला नाक मुरडत होती, आणि परदेशातून आलेल्या मुलाकडे डोळे भरून बघत होती.

दादानं पातेल्यात लोणी वितळवलं, मैदा परतला, मग एका डब्यातली पांढरी पूड पाण्यात कालवून हळूहळू आत सोडली. गुठळी होऊ नये म्हणून त्याचा हात सारखा फिरत होता. "पिठलं जमते त्याले हे जमतेच," मावशी म्हणाली. पहिलं सँडविच सॉस-चीज घालून झाकणाखाली गेलं. दुसऱ्यावर तो सॉस ओतत होता, तेव्हा आईनं विचारलं, "मैदा दोनदा काहून टाकला गा?"

"मैदा नाही आई, दुधाची पावडर आहे ती."

रविवारचा नियम तो परदेशात विसरला होता, की पावडर म्हणजे दूध नव्हे असं त्याला वाटलं, कोण जाणे. चीजही दुधाचंच असतं, हे तर आईला ठाऊकच नव्हतं. आई अनवाणी धावत आली. तिनं ते तापलेलं पातेलं नुसत्या हातांनी उचललं आणि पेरूच्या झाडाखाली उपडं केलं.

"माह्या घरात हे नाही चालणार! मटणावर दूध?"

दादाही आईचाच मुलगा, तोही भडकला. "अख्खा देश खातो हे! म्हातारे खातात, लहान पोरं खातात. सगळ्यांना कोड उठलंय का तिकडे?"

तो शब्द आमच्या घरात मावशीसमोर कोणी काढत नसे. दादाचं तोंड लगेच उतरलं.

मावशीनं मात्र शांतपणे विचारलं, "कोणालेच काही नाही होत?"

"होतं मावशी, कोणाकोणाला होतं. इकडे होतं तसंच. जे कधी मांस खात नाहीत त्यांनाही होतं. त्याचा दुधाशी काही संबंध नाही."

मावशीनं चिमट्यानं झाकण उचललं. आतलं सँडविच छान लालसर झालं होतं. चीज कडेनं ओघळून तव्यावर कुरकुरीत झालं होतं आणि जायफळाचा वास सुटला होता. तिनं एक तुकडा मोडला. आई "नको वं, नको!" म्हणून ओरडली, तोवर तो तोंडात गेला होता.

"गोडसर लागते," मावशी म्हणाली.

आई तिथंच मातीत बसली आणि रडायला लागली. "माह्याच हातानं दिलं होतं मी तुले ते दूध. इतके वर्षं मले झोप नाही वं. माह्याच हातानं."

"मी ते दूध प्यालीच नव्हती, बाई." मावशी आईला बाई म्हणायची. "मले साय आवडत नव्हती. तू पाणी आणाले गेली तवा मी मांजरीले पाजून टाकलं."

आईचं रडणं थांबलं. "मंग काहून नाही सांगितलं?"

"लहान होती तवा माराच्या भेवानं." मावशीनं हातातला चिमटा खाली ठेवला. "मोठी झाली तवा... तुले सांगितलं असतं तर तू मले तुह्या घरी आणलं असतं का?"

त्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. तिच्या सगळ्या आयुष्यात एवढा एकच प्रश्न होता, हे मला त्या क्षणी कळलं, आणि मी मनातल्या मनात आईला म्हणत होते, अगं म्हण, आणलं असतं म्हण. आईचे ओठ हलले. मग ती पदर सावरत उठली. "बोटं जळून राहिले," म्हणाली आणि आत निघून गेली.

मावशीनं ते सँडविच संपवलं. टाकून देणं तिला जमत नसे. दादा तिच्याजवळ उकिडवा बसून होता. त्यानं नंतर तो पदार्थ आमच्या घरी कधी केला नाही.

घरात वरवर काही बदललं नाही. रविवारी दूधवाला परतच जायचा. पहिली पोळी मावशीलाच मिळायची. फक्त ती ताटात पडली की मावशी आता आईच्या तोंडाकडे बघायची, आणि आई लगेच तव्याकडे वळायची. आई दुष्ट नव्हती. खोटं तिला बोलता येत नसे, आणि आपण काय केलं असतं हे बहुधा तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. नव्यानं संसार मांडलेली पोर, पाठीवर दोषाचं ओझं नसतं तर अशी बहीण कायमची आणती का? असं मी आईच्या बाजूनं पुष्कळदा समजून घेतलं आहे. तरी जीव हळहळतोच. त्या दुपारी ती खोटं बोलली असती तरी चाललं असतं.

काही वर्षांनी मावशी काविळीनं गेली. तेरवीपर्यंत गल्लीतल्या बायका बसायला येत होत्या. येईल तिचा हात धरून आई सांगायची, "काही झालं नसतं तरी मी तिले आणलीच असती. माही बहीण होती. आणलीच असती मी." बायकांना त्यातलं काही कळत नव्हतं. त्या "हो तर, आणलीच असती" म्हणून मान हलवायच्या. दुसरी आली की आई तेच पुन्हा पहिल्यापासून सांगायची. मी आत चहा करत ते ऐकत होते. मावशी असताना ते वाक्य मी आईच्या तोंडून एकदाही ऐकलं नव्हतं.