सुनीताची सोयरीक आणि एकशे अठ्ठावीस चाकं

माझ्या धाकट्या बहिणीची, सुनीताची, सोयरीक मोडली ती देण्याघेण्यावरून नाही, पत्रिकेवरून तर नाहीच (आमच्या घरात पत्रिका कुणी बघत नाही). ती एकशे अठ्ठावीस चाकांच्या एका ट्रेलरवरून मोडली, आणि त्या ट्रेलरपुढे लाल झेंडा घेऊन चालणारा माणूस मी होतो.

अवजड यंत्रं प्लांटच्या गेटापर्यंत पोहोचवणं ही माझी नोकरी. यंत्र दुमजली घराएवढं, वेग माणसाच्या चालीचा. विजेची तार आडवी आली की बांबूने वर उचलायची, फांदी आली की छाटायची, आणि मागच्या कुणालाही पुढे जाऊ द्यायचं नाही. रविवारी रस्ता मोकळा असतो, म्हणून यंत्रासाठी मी रविवार ठरवला. रविवारी सगळे घरी असतात, म्हणून मुलाकडच्या नागपूरच्या पाहुण्यांनाही मीच रविवार दिला. तोच रविवार!

सुनीताला मुलगा मनापासून आवडला होता. तीन महिने दोघं फोनवर बोलत होते. आता फक्त मोठ्यांची भेट तेवढी राहिली होती.

दुर्गहून नेहरू नगरकडे येताना एक तार भलतीच खाली लोंबत होती. तासभर आम्ही तिथेच. मागे ऑटोंची ही रांग! त्यातून एक वयस्कर गृहस्थ उतरून माझ्यापर्यंत चालत आले.

"भाऊ, कावून अडवून राहिले? आमाले स्मृति नगरले जायचं हाय."

"काका, एवढी घाई होती तं काल निघायचं होतं."

"दुपारी वापसीची गाडी हाय आमची."

"मंग आताच वापस जा ना. गाडी तरी भेटन."

(माझे चार हेल्पर हसले. मलाही आपण फार हजरजबाबी आहोत असं वाटलं.) ते मागे आपल्या ऑटोकडे गेले.

पाच मिनिटांत सुनीताचा फोन. "दादा, पाहुणे रस्त्यात अडकले. कोनी लाल झेंडेवाला त्यायले लय बोलला म्हनते. तुयाच लाईनचा असन ना तो? सांग ना त्याले जरा."

"सांगतो," मी म्हणालो.

हेल्मेट काढून मी धावत सुटलो. "जय भीम, काका. मी सुनीताचा भाऊ."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या झेंड्याकडे. "जय भीम. तुमचंच आयकून चाललो," म्हणाले, आणि ऑटो वळवायला सांगितला. मुलगा आत मान खाली घालून बसला होता.

नंतर मी नागपूरला जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा पाजला, "पाहू" म्हणाले, आणि पुढे काही पाहिलं नाही. मुलगाही वडिलांपुढे बोलला नाही.

त्या रविवारी संध्याकाळी घरी आलो होतो तेव्हा सुनीताने पाणी दिलं आणि विचारलं, "पोचलं का तुयं सामान?" भांडली असती तर बरं झालं असतं. आज ती रायपूरला सुखात आहे, पण तो प्रश्न आठवला की मला अजूनही स्वतःची लाज वाटते.

त्या रविवारनंतर आठवड्याने ऑफिसातून मला शाबासकीचं पत्र आलं: मागील रहदारी उत्तम रीतीने रोखून धरल्याबद्दल. एवढ्या वर्षांच्या नोकरीतलं हे एकमेव कौतुक मी कपाटात कपड्यांच्या तळाशी ठेवलंय, आणि सुनीता माहेरी आली की कपाटाची किल्ली खिशात घालून हिंडतो.