तुळसाबाईची मूठ

आमच्या अंगणवाडीची मदतनीस तुळसाबाई भारी हेकेखोर बाई. मी तिथली सेविका, म्हणजे तिची वरिष्ठ. पण खिचडीत मीठ किती, यावरून तिनं माझ्याशी चार दिवस अबोला धरला होता. तरी त्या सोमवारी ती हेकेखोर नसती, तर दारातलं जांभूळ आज नसतं.

टिनाच्या खोलीत उन्हाळ्यात बसवत नाही, म्हणून आमची तीस पोरं त्या जांभळाखालीच बसतात. यंदा खोडावर पिवळ्या पट्ट्यांच्या गांधीलमाशा दिसू लागल्या. त्या पोरांतल्या गुड्डीच्या आईनं बोंब ठोकली आणि पंचायतीचे सदस्य टेकचंदभाऊ मशीनचा आरा अन् दोन माणसं घेऊन हजर. पोरांना डसलं तर जबाबदार कोण, असं विचारून त्यांनी झाड पाडायचा कागद माझ्यापुढे धरला. खोटं कशाला बोलू, मी घाबरले आणि पेन काढला.

तेवढ्यात तुळसाबाई खरकट्या हातानं बाहेर आली नि खोडाला पाठ लावून उभी राहिली. म्हणाली, माशा आहेत तर पोळं कुठं आहे? पंधरा दिवस ती पाहत होती. खोडाच्या भोकांतून भुसा गळतो, एखाद्या भोकातून किड्याची रिकामी कात लोंबते, आणि ही 'माशी' तिथूनच निघते. टेकचंदभाऊ हसले. बाईमाणसानं भांडी घासावीत, असं काहीतरी बोलले. मला राग आला, पण पेन अजून माझ्या हातातच होता.

तिनं वळून खोडावरची एक माशी मुठीत धरली. ती तशीच टेकचंदभाऊंसमोर गेली आणि मूठ उघडली. आत काचेसारख्या पंखांचं पाखरू निमूट बसलं होतं.

"घ्या, धरा हातात," ती म्हणाली. "हे डसत नाही. याची अळी खोड पोखरते, धानातल्या खोडकिड्यावानी. धानाले खोडकिडा लागला त शेताची अख्खी बांधी पेटवून देता का जी, भाऊ?"

टेकचंदभाऊ दोन पावलं मागे सरले. आरेवाले खाली बघून हसू लागले.

मग आतल्या अळ्या मारायला तिनं त्यांच्याच आऱ्याची पेट्रोलची बाटली मागितली, सायकलच्या तारेनं भोकं कोरली आणि माझ्याकडे हात पसरला. कापूस मागतेय, असं मला वाटलं.

"ताई, तो कागद द्या."

मीच त्याच्या चिंध्या केल्या. एकेक पेट्रोलात बुडवून तिनं भोकांत कोंबली आणि वरून चिखल थापला.