वाडीच्या बोटीवर चढायची परवानगी

बोट समुद्रात असली की तिच्या बुडाला शेवाळ चिकटतं, शिंपले चिकटतात, म्हणे. आमची बोट नागपूरला, अमरावती रोडवर वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट यार्डात, विटांच्या ओट्यावर उभी. तिला चिकटायला दुसरं काही नव्हतं, म्हणून किस्से चिकटले. पंधरा वर्षं दर रविवारी आम्ही चार जण तिथं बिनपगारी राबलो. घासली, रंगवली, लोकांना फिरवून दाखवली. बायको विचारायची, "नागपुरात नौदलाची बोट बघायला येतं तरी कोण?" मी म्हणायचो, "तू सोडून सगळे." आता एखाद्या लग्नात जुनं कोणी भेटलं की विषय तिथंच जातो आणि पंगत बसेपर्यंत एकही किस्सा पुरा होत नाही. म्हणून इथे एका दमात सांगून टाकतो.

*

आधी बोट वाडीला आली कशी ते. गोवर्धनसेठचं सावनेरला कापसाचं जिनिंग आणि वाडीला ट्रकांचं यार्ड. मुंबईला महायुद्धातली एक गस्ती लाँच भंगारात निघाली. सेठना जिनिंगसाठी तिचं डिझेल इंजिन हवं होतं. विकणारा म्हणाला, इंजिन पाहिजे तर बोटीसकट उचला. सेठनी उचलली. ट्रेलरवर घालून वाडीला आणली तेव्हा कळलं की इंजिन साफ जाम आहे. मग ठरलं, निदान सागवान तरी काढून घेऊ. आरेवाले सोमवारी यायचे होते.

शनिवारी मेश्राम काका एसटीने वाडीवरून चालले होते. काका म्हणजे युद्धात नौदलाच्या लाँचवर इंजिन सांभाळलेले आणि पुढे मिलमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. खिडकीतून बोट दिसली तसे ते उठून उभे राहिले. "गाडी थांबवा."

कंडक्टर म्हणाला, "काहून? इथं स्टॉप नाही."

काका म्हणाले, "माहा स्टॉप आला."

यार्डात शिरून त्यांनी बोटीभोवती एक पूर्ण चक्कर मारली आणि सेठना म्हणाले, "हे माही बोट होय. तोडू नोका." सेठ व्यवहारी माणूस, पण समोर म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी. ते म्हणाले, "तुमी ह्याच बोटीवर लढले? मग राहू द्या. तुमची नसती, तर सोमवारी आरा लागलाच असता."

सेठनी शब्द पाळला. दर दिवाळीनंतर एक लाकूडवाला सागवान मागायला येई आणि सेठ दर वेळी तेच सांगत, "काकांची बोट आहे म्हणून. नाही तर तुलेच दिली असती." पाठ झालं होतं आम्हाला.

*

काकांनी पहिल्याच दिवशी शिस्त लावली. बोटीवर चढायला एक फळी होती. तिच्या टोकाशी थांबायचं आणि विचारायचं, "चढायची परवानगी आहे?" वरून कोणी "या" म्हटल्याशिवाय पाय ठेवायचा नाही.

"आपल्या बोटीवर जाणाऱ्याले विचारा लागत नाही," काका समजावत. "दुसऱ्याच्या बोटीवर जाणाऱ्याले विचारा लागते. मग तो ॲडमिरल का असेना."

आपला कोण हे ठरवायला एक वही होती. वर्षभराचे रविवार भरले की काका तिच्यात नाव लिहीत, मग विचारायची गरज नाही. ट्रकच्या बॉड्या रंगवणाऱ्या हबीबभाईंचं नाव सगळ्यात आधी लागलं. बोटीचा राखाडी रंग त्यांच्याच हातचा. महालातल्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या सुमनताईंचं लागलं. मग माझं. मी इरिगेशनमध्ये ड्राफ्ट्समन होतो. खात्यात प्रमोशन मिळालं तेव्हा झाला नव्हता इतका आनंद मला त्या दिवशी झाला.

मात्र वहीची पहिली ओळ काकांनी कोरी ठेवली होती. आणि स्वतः काका दर रविवारी फळीशी थांबून परवानगी मागत. आम्हाला हसू यायचं. एकदा हबीबभाई म्हणाले, "काका, बोट तुमची आणि तुमीच विचारून राहिले?"

"तू 'या' म्हण नं गा."

हबीबभाई म्हणाले, "या."

*

उद्घाटनाच्या दिवशी सेठ पूजेचं ताट घेऊन आले. नारळ फुटलाच पाहिजे म्हणाले. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून काकांकडे नारळ फक्त खायला येई. पण जागा सेठची, बोट सेठची. काका बाजूला होईनात, सेठ ताट खाली ठेवेनात. बाहेर माणसं उन्हात उभी.

सुमनताईंनी हळूच विचारलं, "सेठजी, फोडणार कुठं?"

"समोरच्या टोकावर."

काका म्हणाले, "परवाच रंग मारला तिथं. टवका उडन."

सेठनी रंगावरून हात फिरवला. खरंच सुंदर लागला होता. ते गेले आणि शेजारी उभ्या ट्रकच्या बंपरवर त्यांनी नारळ फोडला. पूजा ट्रकची झाली, उद्घाटन बोटीचं झालं. खोबरं सगळ्यांनी खाल्लं, काकांनी दोनदा घेतलं.

*

विजेच्या कनेक्शनचा अर्ज मी भरला. 'मजले किती' या रकान्यात लिहिलं, एक डेक आणि खाली इंजिनरूम. 'पाया' या रकान्यात लिहिलं, नाही. आठ दिवसांनी वीज मंडळाचे साहेब स्वतः बघायला आले. फळीशी काकांनी त्यांना परवानगी मागायला लावली, तिथंच त्यांचा मूड गेला.

"याला पाया नाही," साहेब म्हणाले. "उद्या ही वस्तू हलली तर आमची वायर तुटेल. जबाबदार कोण?"

हबीबभाई ब्रश धूत होते. "साहेब, हिले आणाले दोन ट्रेलर आणि बावीस माणसं लागली. हिच्या आधी तुमचा खंबा हलन."

कनेक्शन मिळालं. त्याच उन्हाळ्यात संध्याकाळी जोराची वावटळ आली आणि यार्डापुढचा खांब आडवा झाला. दुसऱ्या दिवशी साहेब आले, फळीशी थांबले आणि आपण होऊन म्हणाले, "चढायची परवानगी आहे?"

*

लाकडी बोटीला समुद्राची भीती नसते, तिला भीती नागपूरच्या मे महिन्याची. पहिल्याच उन्हाळ्यात फळ्या सुकून आक्रसल्या आणि मधल्या फटींतून पलीकडचे ट्रक दिसायला लागले. काका रात्रंदिवस बेचैन. ओली पोती गुंडाळून झाली, बादल्यांनी पाणी मारून झालं. शेवटी ते सेठच्या ऑफिसात गेले.

"सेठ, कूलर पाहिजेन."

"घरी लावता?"

"बोटीले."

पूर्ण यार्डात एकच कूलर, सेठच्या डोक्यामागचा. सेठनी एकदा कूलरकडे पाहिलं, एकदा काकांकडे पाहिलं. दुपारी कूलर बोटीच्या केबिनमध्ये लागला, नव्या वाळ्याच्या ताट्यांसकट. फटी बुजल्या. आणि दुसऱ्या दिवशी सेठ आपली गादी, टेलिफोन आणि पानाचा डबा घेऊन केबिनमध्येच राहायला आले. तेव्हापासून दर मे महिन्यात गोवर्धनसेठचं ऑफिस बोटीवर. माल पाठवायला आलेले व्यापारी फळीशी रांग लावून परवानगी मागायचे.

*

दर रविवारी लॉग भरायचा, हाही काकांचाच नियम. तारीख, हवा, वारा, समुद्र. लिहायचं काम माझ्याकडे. पहिल्या रविवारी 'समुद्र'पुढे मी लिहिलं, नाही.

काकांनी वही परत दिली. "नाही कसा? आहे नं. दिसत नाही असं लिही."

पंधरा वर्षं मी तसंच लिहिलं.

एकदा सुमनताई शाळेच्या मुली घेऊन आल्या. एकीने विचारलं, "समुद्र इथून किती दूर आहे?" ताई सांगणार, तेवढ्यात काका म्हणाले, "चहूकडून सारखाच दूर. म्हणून तर इथून कोणीकडंही निघता येते."

ताई जाताना मला म्हणाल्या, "वीस वर्षं भूगोल शिकवते. नागपूर कुठं आहे ते आज कळलं."

*

आता शेवटचा. दहावं-अकरावं वर्ष असेल. इंजिन काकांनी केव्हाच मोकळं केलं होतं, रविवारी पाच मिनिटं चालवून दाखवत. सेठ यार्डात खाटेवर पेपर वाचत बसलेले. एक सडपातळ म्हातारे गृहस्थ छत्री घेऊन आले, फळीशी थांबलेच नाहीत, सरळ वर.

हबीबभाई ओरडले, "ओ चाचा, परवानगी घ्या लागते!"

मागे न बघता ते म्हणाले, "माझ्याच बोटीवर?"

त्यांचं नाव सुर्वे. रत्नागिरीकडचे, मुलगी नागपुरात दिलेली, तिच्याकडे आले होते. ते तडक इंजिनरूममध्ये उतरले. खाली अंधार. त्यांनी न चाचपडता शिडीच्या मागे हात घातला आणि तिथल्या पितळी हुकावर बोट ठेवलं. "माझा चहाचा मग इथं टांगलेला असायचा."

तो हूक आम्ही दर रविवारी चकचकीत करत होतो. काका लोकांना सांगत, हा कंदिलाचा.

काका त्यांच्या मागोमाग उतरले होते. मी शिडीवर होतो, म्हणून ऐकू आलं.

"तुमची बोट कुठली?" सुर्वेंनी विचारलं.

"जोडीची. हिच्या मागं चालत होती."

"मागची तर बुडाली."

"हो."

"किती वाचले?"

"तिघं. आता मी."

सुर्वेंनी इंजिनावर हात ठेवला. "हे चालतं?"

"रविवारी. पाच मिनिटं."

मग दोघं वर आले. तोवर सेठ पेपर टाकून फळीशी आलेले. "तुमीबी ह्याच बोटीवर होते म्हणता? मग आमच्या मेश्राम काकांले ओळखतच असान!"

सेठचा शब्द, तो आरा, इतक्या वर्षांचे रविवार, सगळं त्या अनोळखी माणसाच्या जिभेवर होतं. काकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि ते खाली बघत राहिले.

"ओळखतो म्हणजे?" सुर्वे म्हणाले. "एका पाळीला होतो आम्ही. माझे दोन मग फोडलेत यानं."

सेठ खो खो हसले आणि चहा सांगायला गेले. सुर्वेंनी नावांची वही मागितली. पानं चाळली, पहिली कोरी ओळ पाहिली, माझ्याकडून पेन घेतलं. तिथं आधी स्वतःचं नाव लिहिलं. मग त्याच ओळीत, शेजारी, मेश्राम. चहा पिऊन ते मुलीकडे जेवायला गेले.

पुढच्या रविवारी मी डेकवर लॉग उघडून बसलो होतो. काका नेहमीसारखे सात वाजता आले. फळीच्या टोकाशी थांबले. मी 'या' म्हणायला तोंड उघडलं. काकांनी चपलांची माती झटकली आणि काही न विचारता सरळ वर आले.

"काय पाहून राहिला गा?" ते म्हणाले. "लॉग भर."